सोलापूरची ट्रिप, मामांचा बोअर आणि पाइपमागचं सिमेंट

गुरुवार

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी सोलापूरला उतरले तेव्हा वारं गार होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, हुरडा अजून संपलेला नाही आणि ऊन अजून तापलेलं नाही, सोलापूरला यायचं तर हेच दिवस. मामेभाऊ ओंकार घ्यायला आलेला. तो इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्यानंच सरांना सांगून ठेवलेलं की माझी आत्तेबहीण तेलविहिरीत वायरलाइन लॉगिंग करते, तिला बोलवूया. सोमवारी लेक्चर ठरलं. मी फोनवरच म्हणलं होतं की नुसत्या स्लाइड दाखवून काही कळत नाही, आपण खरे पाइप खऱ्या सिमेंटमध्ये बसवू आणि पोरांना कानानं ऐकू दे, पण त्यासाठी मला चार दिवस आधी यावं लागेल कारण सिमेंट कुणाच्या लेक्चरसाठी लवकर घट्ट होत नाही.

आता हे लॉगिंग म्हणजे काय ते सांगते. तेलविहीर खणताना टप्प्याटप्प्यानं स्टीलचे पाइप आत सोडतात, त्याला केसिंग म्हणतात. पाइप आणि बाहेरचा खडक यांच्यामध्ये जी फट राहते ती सिमेंटनं भरायची असते. पातळ सिमेंट पाइपच्या आतून खाली ढकलायचं, ते बुडातून बाहेर पडून फटीतून वर चढतं. हे सिमेंट नीट बसलं नाही तर खालचा गॅस वरच्या थरात येतो, पाणी तेलात शिरतं, आणि वाईटातलं वाईट म्हणजे गॅस थेट वर जमिनीपर्यंत पोचतो. बरं हे सगळं दोन-तीन किलोमीटर खोल, पाइपच्या पलीकडच्या अंगाला, तिथं कुणी डोकावून बघू शकत नाही. म्हणून आवाजाचं यंत्र केबलला बांधून आत सोडायचं आणि ऐकायचं. माझं बरंचसं काम हेच आहे, आधी मेहसाणाला होते, नंतर समुद्रात मुंबई हायला, आणि मला ते मनापासून आवडतं.

दुपारी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दोन इंची जीआय पाइपचे चार-चार फुटांचे चार तुकडे, बूच बसवायला एंड कॅप, चार इंची पीव्हीसीचे तेवढेच तुकडे आणि ५३ ग्रेडचं एक पोतं सिमेंट. दुकानदार म्हणाले, "काय करालाव ताई ह्याचं? बोअरचं काम हाय का?" त्यांना सगळं समजावून सांगितलं तर त्यांनी पॉलिश पेपर फुकट दिला, कारण पाइपाचा वरचा गुळगुळीतपणा काढायचा होता. तेलविहिरीतल्या नव्या केसिंगवरही कारखान्यातलं वार्निश असतं, ते तसंच राहिलं तर सिमेंट नीट धरत नाही, सिमेंट कितीही भारी असू दे.

जुळे सोलापुरात मामांच्या घरामागं संध्याकाळी काम काढलं. मामीचा किचनमधला वजनकाटा घेतला आणि १०० भाग सिमेंटला ४४ भाग पाणी या हिशोबानं कालवलं. तेलविहिरीचं जे क्लास जी सिमेंट असतं त्याचं प्रमाण हेच, आणि त्या घोळाची घनता १.९ येते, म्हणजे पाण्याच्या जवळपास दुप्पट जड. चारी पाइपांना खडूनं क, ख, ग, घ लिहिलं. क च्या भोवती नुसतं पाणी भरलं. ख च्या भोवती पूर्ण सिमेंट. ग ला आधी मामीच्या कपाटातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि मग सिमेंट ओतलं, म्हणजे सिमेंट सगळीकडून पण पाइपाला चिकटलेलं कुठंच नाही. घ ला एका बाजूनं वरपासून खालपर्यंत स्पंजची पट्टी लावून उरलेल्या भागात सिमेंट, म्हणजे एका अंगाला उभी नाली. पाइप बरोबर मध्ये राहावेत म्हणून लाकडाच्या चिपा खोचल्या, विहिरीत हेच काम सेंट्रलायझर करतात. मामी दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "काय करालीस गं ही भुताटकी?" आणि मग स्वतःच येऊन ग चा पाइप धरून उभी राहिली.

रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. बाकी काही लागत नाही.

शुक्रवार

मामांचं शेत मोहोळ तालुक्यात, डाळिंबाची बाग. जुना बोअर आटत आला म्हणून नवा घ्यायचं ठरलेलं आणि योगायोगानं गाडी आजच येणार होती. मी म्हणलं मला यायचंच आहे.

बोअरची गाडी तमिळनाडूची, या भागात बऱ्याचदा तिकडच्याच गाड्या येतात. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवलेली होती. मामांचा त्यावर विश्वास, माझा ओढ्याकडच्या उतारावर आणि शेजारच्या बोअरच्या खोलीवर, सुदैवानं दोन्ही एकाच जागी आले त्यामुळे वाद झाला नाही.

पण दुसऱ्या एका गोष्टीवर मी हट्ट धरला. आपल्याकडं काय करतात की वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून कडक खडक लागेपर्यंत पीव्हीसी केसिंग घालतात, आणि त्या केसिंगच्या बाहेरची फट तशीच मोकळी सोडतात, फार तर तोंडाला चार घमेली मुरूम टाकतात. झालं. पावसाळ्यात शेतातलं खताचं, औषधाचं, गोठ्याचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि केसिंगच्या बुडातून बोअरमध्ये शिरतं. तेच पाणी मग घरात प्यायला. केसिंग घातली म्हणजे बोअर सुरक्षित झाला असं सगळे समजतात, पण केसिंग फक्त माती अडवते. पाणी अडवायचं काम तिच्या मागच्या सिमेंटचं असतं, आणि ते कुणी घालतच नाही! मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण खर्च फार नाहीये.

मामा म्हणाले, "किती लागतंय सांग, मग बघू."

मी तिथंच मोबाइलवर हिशोब केला. वरचे ४० फूट १० इंची भोक मारायचं आणि त्यात ७ इंची पाइप सोडायचा, तर मधल्या फटीत साधारण ३०० लिटर माल बसतो. ५० किलोचं एक पोतं आणि २५ लिटर पाणी मिळून ४१ लिटर घोळ होतो. म्हणजे साडेसात पोती, आठ धरा. डाळिंबाच्या बागेवर होणाऱ्या खर्चापुढं आठ पोती सिमेंट म्हणजे काहीच नाही. गाडीवाले आधी कुरकुरले कारण मोठ्या भोकाला बिट बदलावा लागतो, मग जादा पैसे ठरले आणि तयार झाले.

काळी माती, मुरूम, मग डबर, मग तो काळा कडक पाषाण. हातोडा चालू झाला की पायाखालची जमीन थरथरते आणि पांढुरकी राखाडी धूळ वर येते. शंभर फुटांच्या खाली मध्येच धूळ लाल झाली. ओंकारला वाटलं काहीतरी बिघडलं. ते बिघडलेलं नव्हतं, एक लाव्हा येऊन गार झाला, त्याच्या वरच्या भागाची झीज होऊन लाल माती झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर पसरला, असे थरावर थर आहेत. दख्खनचा हा दगड साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. इथून जवळच किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतला होता, त्यात वरचे ३३८ मीटर हाच काळा दगड होता आणि त्याच्या खाली एकदम वेगळा, जुना खडक लागला. आणि मला याहून भारी वाटतं ते हे की गुजरातमध्ये खंभातच्या खोऱ्यात आम्ही ज्या विहिरींवर काम करतो तिथं तेलाच्या थरांच्या खाली तळाला हाच दगड बसलेला आहे. सोलापुरात जो पायाखाली लागतो तो तिकडं पार खोल गाडला गेलाय.

१९० फुटांना पाणी लागलं. मामांचा चेहरा बघायला पाहिजे होता. ३२० पर्यंत नेऊन थांबवलं, दोन इंची पाणी, या शिवारात चांगलंच म्हणायचं.

रात्री शेतातच राहिलो. गाडी निघून गेल्यावर इतकी शांतता झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. मामांनी विचारलं, "पण तुझं यंत्र ऐकतंय काय नेमकं?"

मग सांगत बसले. यंत्रात एका टोकाला आवाज सोडणारा स्फटिक असतो, २० किलोहर्ट्झच्या आसपास. तिथून ३ फुटांवर एक ऐकणारा आणि ५ फुटांवर दुसरा. स्टीलमधून आवाज एका फुटाला ५७ मायक्रोसेकंद घेतो. पाइपामागं नुसतं पाणी असेल तर आवाज पाइपातल्या पाइपात धावतो आणि जोरात पोचतो, ७ इंची केसिंगला ६२ मिलिव्होल्टच्या आसपास. पाइपाला सिमेंट घट्ट चिकटलेलं असेल तर तोच आवाज वाटेतच सिमेंटमध्ये झिरपतो आणि दोन-चार मिलिव्होल्टच उरतात. म्हणजे आमच्या कामात आवाज जितका कमी तितकं काम चांगलं. ५ फुटांवरचा ऐकणारा आलेली सगळी लाट चित्रासारखी काढतो, मोकळ्या पाइपाच्या सरळ उभ्या रेघा येतात, आणि सिमेंट खडकालाही धरून असेल तर मागून खडकाच्या नागमोडी रेघा दिसतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वाचायची.

मामा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग यंत्र खोटं बोललं तर?"

मामा सातवी शिकलेत. पण प्रश्न असा विचारला की आमच्याकडं नव्या पोरांना तो सुचायला वर्ष जातं. मी त्यांना समुद्रातली एक रात्र सांगितली. विहीर तिरकी होती, साडेनऊ इंचाच्या वरची केसिंग. लॉग, म्हणजे यंत्रानं काढलेली नोंद, सुंदर आला, ३ मिलिव्होल्ट, सगळे खूश, रिगवर, म्हणजे विहीर खणायच्या यंत्रणेवर, घाई कारण रिगचा प्रत्येक तास महाग. पण आवाज पोचायची वेळ चार-पाच मायक्रोसेकंद लवकर येत होती. हे शक्यच नाही, आवाज घाई करत नाही. वेळ लवकर येते तेव्हा यंत्र पाइपाच्या मध्यावर नसतं, एका भिंतीकडं कललेलं असतं. मग एका बाजूचा आवाज आधी पोचतो, दुसऱ्या बाजूचा मागून येऊन त्यालाच मारतो आणि आकडा खोटा लहान दिसतो. पाव इंचानं कललं तरी पुरतं. सेंट्रलायझर बदलून यंत्र परत सोडलं, तर त्याच जागी २० च्या वर आकडा आला. सिमेंट तिथं अर्धवट होतं. नंतर पाइपाला भोकं पाडून दाबानं सिमेंट भरावं लागलं.

"म्हंजे आकडा बघायच्या आधी येळ बघायची," मामा म्हणाले. अगदी बरोबर.

शनिवार

सकाळी फट भरायला घेतली. सगळं एकदम ओतायचं नाही, कारण बाहेरून चाळीस फूट जड घोळ आणि आतून पाइप रिकामा, पीव्हीसी आत दबू शकते. शिवाय केसिंग खडकावर जिथं टेकते तिथली बारीक फट आधी बंद व्हायला हवी, नाहीतर सगळं सिमेंट बोअरमध्येच उतरणार. म्हणून पाऊण इंची पाइप बाहेरच्या फटीतून तळापर्यंत सोडला आणि त्यातून आधी दोनच पोत्यांचा घट्टसर घोळ टाकला. वरून फावड्यानं ढकललं की मध्ये हवा आणि पाणी अडकतं, तळातून भरलं की ते वर निघून जातं. उरलेलं उद्या.

दुपारी शहरात परत आलो. ओंकारच्या मित्राचे वडील पूर्व भागात एका कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग चालू ठेवणारे मिस्त्री, चादरींचे माग. आत शिरल्यावर मला नुसता एकसारखा खडखडाट ऐकू येत होता, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि ते आमच्याशी बोलता बोलता मध्येच वळले आणि ओळीतल्या पाचव्या मागाकडं बोट केलं, "त्याचा पट्टा सैल झालाय." जाऊन बघितलं तर खरंच. त्यांना बाकीच्या मागांचा सरळ आवाज कानात बसलेला आहे म्हणून वेगळा लगेच टोचतो. आम्ही लॉग काढताना आधी विहिरीच्या वरच्या भागात, जिथं सिमेंट नाही हे माहीत असतं, तिथं मोकळ्या पाइपाचा आवाज घेऊन ठेवतो आणि मग खालच्याची त्याच्याशी तुलना करतो. तसंच आहे हे. मी त्यांना सोमवारी कॉलेजला यायचं आमंत्रण दिलं.

संध्याकाळी किल्ला आणि सिद्धेश्वराचं दर्शन. गर्दी होती, तरी तळ्याच्या काठानं निवांत फिरता आलं.

रविवार

उरलेली सहा पोती भरली, वर तोंडाशी घोळ दिसायला लागला तेव्हा थांबलो. तासाभरानं तो जरा खाली बसला तर अजून थोडा टाकला, हे होतंच. मग शेजाऱ्यांच्या रानात हुरडा, गरम गरम, शेंगदाण्याची चटणी लावून. त्यांनीही विचारलं की आमचा जुना बोअर आहे त्याचं काय करायचं. जुन्याला पूर्ण फट भरणं अवघड, पण तोंडाभोवती हात दीड हात रुंद आणि तीन-चार फूट खोल खड्डा घेऊन त्यात काँक्रीट भरायचं आणि वर बाहेरच्या बाजूला उतार असलेला ओटा करायचा, निदान वरचं पाणी सरळ आत जाणार नाही. आणि केसिंगचं तोंड जमिनीपासून दोन फूट तरी वर ठेवायचं.

सोमवार

चारी पाइप रिक्षा टेंपोत घालून कॉलेजला नेले. वरची तोंडं फडक्यानं झाकली आणि नावं पुसली, पोरांनी फक्त पान्यानं ठोकायचं आणि ओळखायचं. फोनवर आवाजाची लाट दाखवणारं ॲप चालू ठेवून ती पडद्यावर दाखवली. सगळे पाइप आतून पाण्यानं भरलेले, म्हणजे तुलना सरळ होईल.

क लगेच ओळखला, ठण्ण करून घुमतो. ख पण, ठप् आणि संपलं. खरी मजा ग आणि घ ला आली. दोन्ही मधलेच वाटतात. अर्धी पोरं म्हणाली ग मध्ये नाली आहे, अर्धी म्हणाली घ मध्ये. जॉबर काका मागच्या बाकावर बसलेले, त्यांनाही विचारलं, ते म्हणाले, "दोनी सैल हायत, पर कुठं सैल ते कळंना." हेच तर मला सांगायचं होतं! साधा बॉण्ड लॉग, म्हणजे मामांना सांगितलेलं तेच यंत्र, पाइपाच्या सगळ्या बाजूंची सरासरी ऐकतो. सगळीकडून केसाएवढी फट आहे की एका बाजूला आरपार नाली आहे, आकडा तोच येऊ शकतो. पण विहिरीच्या दृष्टीनं जमीन अस्मानाचा फरक, कारण केसाएवढ्या फटीतून बऱ्याचदा काही वाहत नाही आणि नालीतून गॅस धावत वर येतो. एकाला काही करायची गरज नसते, दुसऱ्याला दुरुस्ती लागतेच, आणि चुकीच्या जागी भोकं पाडली तर चांगली विहीर उगाच बिघडते.

मग ओळखायचं कसं? विहिरीत आम्ही आतून दाब देतो, समजा १००० पीएसआय, आणि परत लॉग काढतो. पाइप किंचित फुगतो, बारीक फट मिटते आणि आकडा पडतो. नाली असेल तर काही फरक पडत नाही. वर्गात दाब देणं शक्य नव्हतं म्हणून उष्णता वापरली. ग मधलं गार पाणी काढून कँटीनमधून आणलेलं उकळतं पाणी ओतलं, दोन मिनिटं थांबलो, ठोकलं. आवाज दबला. पूर्ण नाही, पण मागच्या बाकापर्यंत कळेल इतका. घ ला तसंच केलं, तो होता तसाच घुमला. वर्गात एकदम गलका झाला आणि मला सांगता येणार नाही इतका आनंद झाला.

पुढं अल्ट्रासॉनिकचं सांगितलं. त्यात स्फटिक गोल फिरतो, २०० ते ७०० किलोहर्ट्झ, आणि भिंतीवर टकटक करत प्रत्येक दिशेला पाइपामागं काय आहे ते वेगळं मोजतो. मेगारेल हे आवाजाला पदार्थ किती विरोध करतो ते मोजायचं एकक, पाण्याला १.५ मेगारेल, चांगल्या सिमेंटला त्याच्या तीन-चार पट, गॅसला जवळजवळ शून्य. त्याचा नकाशाच बनतो, नाली कुठल्या बाजूला ते दिसतं. पण फेसाळ, हलकं सिमेंट असेल तर त्याचा आकडा पाण्याजवळ येतो आणि तिथं तोही गोंधळतो. एका मुलीनं विचारलं की इथल्या काळ्या दगडात साधा लॉग चालेल का. भारी प्रश्न. इथला सलग पाषाण आवाज जवळपास स्टीलच्याच वेगानं नेतो, मग पाइपाचा आवाज आणि खडकाचा आवाज एकमेकांत मिसळतात आणि चांगलं सिमेंटही वाईट दिसू शकतं. मुंबई हायच्या चुनखडीत आम्हाला हीच अडचण येते, तिथं खडकाचा आवाज कधी कधी पाइपाच्या आधी पोचतो.

मॅकोंडो या तेलविहिरीबद्दल बोलायचं मी ठरवूनच आले होते. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० ला लॉगिंगची टीम रिगवर हजर होती, आणि सकाळी लॉग न काढताच तिला परत पाठवलं. त्याच रात्री स्फोट झाला, ११ कामगार गेले. लॉग काढला असता तर स्फोट टळलाच असता असं मी म्हणत नाही, नायट्रोजन मिसळलेलं सिमेंट होतं आणि ते तोवर नीट घट्ट झालेलं होतं का हाच मोठा प्रश्न आहे, कच्च्या सिमेंटवर काढलेला लॉगही फसवतो. पण ऐकायची साधनं आणि माणसं तिथं असताना ऐकलंच नाही, हे मला आजही सहन होत नाही, आणि उद्या या पोरांपैकी कुणी रिगवर गेलं आणि घाईत कुणी म्हणालं की लॉग नको, तर त्यांच्या तोंडून "थांबा" निघावं एवढ्यासाठी मी ते सांगितलं.

चारी पाइप कॉलेजच्या लॅबमध्येच ठेवले. सिमेंटची ताकद २८ दिवसांपर्यंत चांगली वाढत राहते, त्यामुळे ख चा आवाज अजून दबतो का आणि ग ची फट आकसण्यानं वाढते का हे दर आठवड्याला ठोकून रेकॉर्ड करायचं, एकाच पान्यानं, एकाच जागी, आणि क आधी ठोकून मग बाकीचे. ओंकार आणि त्या मुलीनं जबाबदारी घेतली. रात्रीच्या गाडीला सोडायला मामा, ओंकार दोघं आलेले, मामांनी शेंगाचटणीचे दोन डबे आणि शेंगपोळ्या दिल्या, आणि मी ओंकारला परत एकदा बजावलं की पहिलं रेकॉर्डिंग मला पुढच्या सोमवारी पाहिजे.